ब्रह्मपुत्रेचे पात्र आणि बोगीबीलचा पूल

ईशान्य भारताच्या दळणवळणाचा अभ्यास ब्रह्मपुत्रेपासूनच सुरू करावा लागतो. सदिया ते धुब्री हा या नदीचा ८९१ किलोमीटरचा पट्टा १९८८ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २ म्हणून घोषित झाला. देश स्वतंत्र झाला तेव्हा या संपूर्ण पट्ट्यात नदी ओलांडणारा एकही पूल नव्हता. पहिला पूल १९६२ मध्ये सुरू झाला, दुसरा त्यानंतर पंचवीस वर्षांनी आणि तिसरा १९९८ मध्ये. दिब्रुगढ आणि धेमाजी या दोन जिल्ह्यांना जोडणाऱ्या बोगीबीलच्या पुलाला २०१८ साल उजाडावे लागले.

हा विलंब केवळ निधीच्या टंचाईमुळे किंवा प्रशासकीय दिरंगाईमुळे झाला, असे म्हणणे सोपे आहे. त्यात तथ्यही आहे. तथापि पहिले तीन पूल नकाशावर नेमके कोठे आहेत हे पाहिले की विलंबाचे आणखी एक कारण लक्षात येते, आणि ते नदीच्या तळाशी आहे.

नदी इतकी रुंद का?

तिबेटमध्ये यारलुंग त्सांगपो या नावाने पूर्वेकडे वाहणारी ही नदी नामचा बारवा या ७,७८२ मीटर उंचीच्या शिखराला वळसा घालून दक्षिणेकडे वळते आणि सियांग नावाने अरुणाचल प्रदेशात उतरते. आसामच्या मैदानात प्रवेश करताना दिबांग आणि लोहित या नद्या तिला मिळतात व तेथून ती ब्रह्मपुत्रा म्हणून ओळखली जाते. (मराठीत तिला आपण स्त्रीलिंगी मानतो, आसामी लोकांच्या दृष्टीने मात्र तो ‘नद’ आहे.) पर्वतातील उतार अत्यंत तीव्र असून गुवाहाटीजवळ तो किलोमीटरमागे सुमारे १० सेंटीमीटर इतकाच उरतो. डोंगरातून वेगाने आलेले पाणी सपाटीवर मंदावते, त्याची वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि बरोबरचा गाळ खाली बसू लागतो.

हा गाळ थोडाथोडका नाही. गुवाहाटीजवळील पांडू येथे वर्षाला सरासरी सुमारे ४० कोटी टन गाळ वाहून जातो, असे मोजले गेले आहे. हिमालय हा वयाने तरुण पर्वत असल्याने त्याचे खडक ठिसूळ आहेत. त्यात मुसळधार पाऊस आणि वारंवार होणारे भूकंप यांची भर पडते. पात्रात वाळूची बेटे तयार होतात, प्रवाह त्यांच्या दोन्ही बाजूंनी फुटतो, पुन्हा एकत्र येतो आणि पुन्हा फुटतो. वेणीच्या पेडांप्रमाणे गुंफल्या जाणाऱ्या अशा प्रवाहाला भूगोलात गुंफित किंवा वेणीसदृश प्रवाह म्हणतात. आसामात वाळूच्या या बेटांना ‘चर’ किंवा ‘चापरी’ असे नाव आहे. त्यांच्यावर माणसे राहतात, शेती करतात आणि एखाद्या पावसाळ्यात चरच वाहून गेला की दुसऱ्या चरावर नव्याने घर बांधतात.

रुंदी आणि पाण्याचे प्रमाण यांचा संबंध समजून घेण्यासाठी एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. गाळाच्या जमिनीतून वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाला किती रुंदी पुरते, याचे एक सूत्र जेराल्ड लेसी या अभियंत्याने भारतातील कालव्यांच्या अभ्यासावरून मांडले. कमाल विसर्ग दर सेकंदास घनमीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गमूळाला ४.८३ ने गुणले की ही रुंदी मीटरमध्ये मिळते. १९६२ च्या पुरात पांडू येथे सेकंदाला ७२ हजार घनमीटरहून अधिक पाणी वाहिले होते. त्यावरून हिशेब केला तर उत्तर सुमारे १,३०० मीटर येते. म्हणजे एवढा प्रचंड पूरही सव्वा ते दीड किलोमीटरच्या पात्रातून जाऊ शकतो. प्रत्यक्षात मात्र ब्रह्मपुत्रा अनेक ठिकाणी आठ-दहा किलोमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक पसरलेली आढळते. ही जादा रुंदी पाण्याला नको असते. ती गाळामुळे आणि धड तग न धरणाऱ्या मऊ काठांमुळे निर्माण होते. सूत्र स्थिर प्रवाहासाठी आहे आणि ही नदी स्थिर नाही, हाच या हिशेबाचा धडा होय.

टेकड्यांच्या आधाराने

आता पहिल्या तीन पुलांकडे वळता येईल. गुवाहाटीजवळचा सराईघाट पूल (१९६२) ज्या ठिकाणी आहे तेथे दोन्ही काठांवर कठीण खडकाच्या टेकड्या असून नदी जेमतेम १.२ किलोमीटर रुंदीत कोंडली गेली आहे. आसामातील तिच्या वाटेवरचा हा सर्वांत अरुंद भाग. १६७१ मध्ये अहोम सेनापती लाचित बरफुकन याने राजा रामसिंहाच्या नेतृत्वाखालील मुघल सैन्याला याच चिंचोळ्या पाण्यात अडवले. मोठ्या आरमाराला पसरायला येथे जागा नव्हती. लाचितला जो गुण हवा होता तोच तीन शतकांनंतर पूल बांधणाऱ्यांनाही हवा होता: नदी जेथून हलू शकत नाही अशी जागा. वर रस्ता आणि खाली रेल्वे असा हा दुमजली पूल झाल्यानंतरच ईशान्येची रेल्वे देशाच्या उर्वरित जाळ्याला फेरीबोटीविना जोडली गेली.

दुसरा पूल तेजपूरजवळचा कोलिया भोमोरा सेतू. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा रस्ता पूल १९८७ मध्ये खुला झाला. या जागेच्या निवडीतही टेकड्यांचा वाटा आहे. त्याची गरज मात्र फार आधी जाणवली होती. नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी सैन्य पुढे सरकल्यानंतर तेजपूर शहर रिकामे झाले, तेव्हा लोकांना फेरीबोटींवर गर्दी करून दक्षिण तीर गाठावा लागला होता. तिसरा, जोगीघोपा येथील नरनारायण सेतू (१९९८), २.२८ किलोमीटर लांबीचा रेल्वे आणि रस्ता पूल असून त्याच्या एका टोकाला जोगीघोपाची आणि दुसऱ्या टोकाला पंचरत्नची टेकडी आहे.

तिन्ही ठिकाणी अभियंत्यांनी नदीला बांधून ठेवलेले नाही. ते काम खडकाने आधीच केले होते. तेजपूरच्या वर मात्र दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरात असा नैसर्गिक आधार जवळपास नाही. दोन्ही तीर गाळाचे, तळ वाळूचा आणि प्रवाह आज येथे तर उद्या तेथे. दख्खनच्या नद्यांवर थोडे खणले की खडक लागतो आणि खांब त्यावर उभा राहतो. वरच्या आसामात ही सोय नाही.

१५ ऑगस्ट १९५० ची संध्याकाळ

या भागातील नदीचे आजचे रूप समजण्यासाठी एक घटना विसरून चालत नाही. १५ ऑगस्ट १९५० रोजी सायंकाळी साडेसातनंतर भारत-तिबेट सीमेवरील रिमाच्या परिसरात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी तो एक मानला जातो. अरुणाचलच्या डोंगरउतारांवरून प्रचंड प्रमाणात दरडी कोसळल्या. सुबनसिरीसारख्या नद्या काही काळ अडल्या आणि अडलेले पाणी फुटून खालची गावे वाहून गेली. त्यानंतर वर्षानुवर्षे हा सगळा मलबा ब्रह्मपुत्रेत उतरत राहिला.

परिणामी दिब्रुगढजवळ नदीचा तळ सुमारे ३ मीटरने वर आला. तळ वर आला की तेवढेच पाणी आधीपेक्षा उंचावरून वाहते आणि काठांवर पसरते. १९५४ मध्ये दिब्रुगढ शहराचा मोठा भाग नदीने गिळला. त्यानंतर बांध आणि दगडी धक्के उभारून उरलेले शहर वाचवण्यात आले. जुने सदिया शहरही याच काळात नाहीसे झाले. आसाम शासनाच्या आकडेवारीनुसार १९५० नंतर राज्यातील सुमारे ४.२७ लाख हेक्टर जमीन नदीकाठच्या धुपेत गेली आहे. पुराचे पाणी ओसरल्यावर शेत परत मिळते. धुपेत गेलेले शेत परत मिळत नाही. पूर आणि धूप या दोन आपत्तींतील हा भेद उत्तरपत्रिकेत बहुधा सुटून जातो.

बोगीबील: आधी नदी, मग पूल

बोगीबील हे ठिकाण दिब्रुगढ शहरापासून सुमारे १७ किलोमीटर खालच्या बाजूस आहे. पुलाची पायाभरणी २२ जानेवारी १९९७ रोजी तत्कालीन पंतप्रधान एच. डी. देवेगौडा यांच्या हस्ते झाली. प्रत्यक्ष कामाचा प्रारंभ २१ एप्रिल २००२ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांनी केला. २००७ मध्ये प्रकल्पाला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. अशा रेल्वे प्रकल्पांत खर्चाचा तीन चतुर्थांश भाग अर्थ मंत्रालयाकडून येतो आणि उर्वरित भाग रेल्वेच्या निधीतून उचलला जातो, त्यामुळे या दर्जाला व्यावहारिक महत्त्व आहे. २५ डिसेंबर २०१८ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पुलाचे उद्घाटन केले. काम सुरू झाल्यापासून सोळा वर्षे लागली आणि एकूण खर्च सुमारे ५,९०० कोटी रुपयांवर गेला, जो मूळ अंदाजापेक्षा खूपच अधिक होता.

या ठिकाणी नदीच्या पात्राची रुंदी सुमारे १० किलोमीटर होती. पुलाची लांबी मात्र ४.९४ किलोमीटर आहे. या दोन आकड्यांमधील तफावत हाच या प्रकल्पातील सर्वांत कठीण भाग होय. पूल दहा किलोमीटरचा का बांधला नाही, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडणे स्वाभाविक आहे. खर्चाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी लांब पुलाने प्रश्न सुटत नाही. मोकाट नदीवर कितीही लांब पूल टाकला तरी ती एखाद्या वर्षी त्याच्या एका टोकाच्या भरावाला मागून वळसा घालू शकते. मग पूल कोरड्या वाळूवर उभा आणि नदी शेजारून वाहते, अशी अवस्था होते. म्हणून गाळाच्या नदीवर पूल बांधायचा तर प्रथम नदीला पुलाखालूनच जाण्यास भाग पाडावे लागते.

त्यासाठी मार्गदर्शक बांध घालतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंजाबातील नद्यांवर रेल्वेचे पूल बांधताना जे. आर. बेल या अभियंत्याने ही पद्धत रूढ केली, म्हणून अभियंत्यांच्या बोलीत त्यांना बेलचे बांध असेही म्हणतात. पुलाच्या दोन्ही टोकांपासून, प्रवाहाला जवळजवळ समांतर असे मातीचे दोन भक्कम बांध काढले जातात. वरच्या बाजूस ते लांब, खालच्या बाजूस आखूड आणि टोकांना बाहेरच्या बाजूने गोलाई दिलेले असतात. पसरून येणारे पाणी या नरसाळ्यात शिरते आणि पुलाच्या खांबांमधून सरळ बाहेर पडते. बांधाच्या उतारावर दगड बसवतात आणि पायथ्याशी नदीच्या तळावर दगडांचा रुंद पट्टा अंथरतात. या पट्ट्याची रचना चतुराईची आहे. पुरात बांधाच्या पायथ्याची वाळू खरवडली गेली की हे दगड आपोआप त्या खड्ड्यात घसरतात आणि तेथील उतारावर थर धरून बसतात. नदी जेथे बांध पोखरते तेथेच संरक्षण खाली उतरते. अर्थात दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर या दगडांची पाहणी करून भर घालावीच लागते. पुलाच्या देखभालीचा मोठा भाग लोखंडावर नसून या दगडांवर अवलंबून असतो.

विहिरींवर उभा पूल

खांबांचा पायाही वाळूतच घ्यावा लागला. त्यासाठी विहीर पाया ही भारतात दीर्घकाळ वापरली जाणारी पद्धत अवलंबिली गेली. काँक्रीटची पोकळ विहीर तळाशी पोलादी धार लावून नदीच्या तळावर उभी करतात. आतील वाळू यांत्रिक पंजाने उपसत गेले की विहीर स्वतःच्या वजनाने खाली जाते; वर नवीन थर ओतत जातात. वाळूचा थर सर्वत्र सारखा नसल्याने विहीर एका बाजूला कलण्याचा धोका सतत असतो व तिला सरळ करण्यात कित्येक आठवडे जाऊ शकतात. अपेक्षित खोली गाठल्यावर तळ काँक्रीटने बंद केला जातो. ही खोली पुरातील धुपेवरून ठरते. उन्हाळ्यात दिसणारा तळ हा खरा तळ नव्हे. पुराच्या वेळी खांबाभोवती भोवरे पडून वाळू कित्येक मीटर खरवडली जाते आणि पूर ओसरताना तो खड्डा पुन्हा भरून जातो. त्यामुळे विहीर त्या सर्वांत खोल खड्ड्याच्याही बरीच खाली रोवलेली असावी लागते.

हे सारे करायला वर्षाचे बारा महिने मिळत नाहीत. पूर आणि पाऊस वगळता नोव्हेंबर ते मार्च एवढाच काळ नदीत खऱ्या अर्थाने काम करण्यासारखा असतो. सोळा वर्षांचा हिशेब मांडताना हे ध्यानात घ्यावे लागते, जरी ते संपूर्ण विलंबाचे समर्थन ठरत नाही.

पुलाला १२५ मीटरचे ३९ आणि ३३ मीटरचे २ गाळे आहेत. खालच्या मजल्यावर ब्रॉडगेज रेल्वेचे दोन मार्ग आणि वर तीन पदरी रस्ता आहे. रेल्वे आणि रस्ता एकत्र वाहून नेणारा तो देशातील सर्वांत लांब पूल ठरला. पोलादी तुळया आणि काँक्रीटचा तक्ता यांची एकत्रित रचना असलेला, रिव्हेटऐवजी संपूर्णतः जोडकामाने म्हणजे वेल्डिंगने तयार झालेला असा हा देशातील पहिलाच मोठा पूल असून त्यासाठी युरोपीय मानके वापरण्यात आली. जोडकामामुळे सांगाड्याचे वजन घटते आणि गंजाला वाव देणारे सांधे कमी होतात. बांधकामाच्या काळातील भूकंप नकाशानुसार हा प्रदेश सर्वाधिक धोक्याच्या पाचव्या क्षेत्रात येतो, आणि १९५० चा अनुभव तर डोळ्यांसमोर होताच. पुलाचे अपेक्षित आयुष्य १२० वर्षे धरलेले आहे.

येथे परीक्षार्थींनी एक गल्लत टाळावी. ९.१५ किलोमीटर लांबीचा, २६ मे २०१७ रोजी खुला झालेला ढोला-सदिया अर्थात भूपेन हजारिका सेतू बोगीबीलपेक्षा लांब आहे. पण तो केवळ रस्त्याचा पूल असून लोहित या उपनदीवर आहे.

उत्तर तीर

बोगीबीलच्या पुलापूर्वी धेमाजी जिल्ह्यातून दिब्रुगढला जाण्याचा जवळचा मार्ग म्हणजे यांत्रिक नावेचा. माणसे, सायकली, मोटारी, गुरे आणि भाजीच्या टोपल्या एकाच नावेवर चढत. दिब्रुगढमध्ये १९४७ साली स्थापन झालेले आसाम वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे, विद्यापीठ आहे, मोठी बाजारपेठ आहे. नदीच्या पलीकडे दिसणारे हे शहर अंधार पडल्यावर किंवा पुराच्या दिवसांत गाठता येत नसे. अडलेल्या बाळंतिणीला रात्री नदीकाठी पोहोचवले तरी पहाटेच्या पहिल्या नावेची वाट पाहण्याखेरीज उपाय नसे. रेल्वेने जायचे तर नदीच्या कडेकडेने खाली उतरून, पूल ओलांडून, पुन्हा तेवढेच वर यावे लागे. रेल्वेच्या माहितीनुसार धेमाजी ते दिब्रुगढ हे ५०० किलोमीटरचे अंतर पुलामुळे १०० किलोमीटरवर आले. दिब्रुगढ ते इटानगर रस्त्याचे अंतर सुमारे १५० किलोमीटरने, तर रेल्वेचे सुमारे ७०५ किलोमीटरने कमी झाले.

पुलाचा हा लाभ एकट्या पुलाचा नाही, हेही पाहिले पाहिजे. उत्तर तीरावरून रंगिया ते मुरकोंगसेलेक जाणारी जुनी रेल्वे मीटरगेज होती. तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर २०१५ च्या सुमारास पूर्ण झाले नसते, तर पुलावरील दोन्ही मार्ग पलीकडे जाऊन थांबले असते. अरुणाचल प्रदेशाच्या सीमेकडे सैन्य व रसद पोहोचवण्याच्या दृष्टीनेही पुलाचे महत्त्व मोठे आहे आणि वृत्तपत्रांत त्याचीच चर्चा अधिक झाली. धेमाजीच्या मिसिंग शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र मोहरी आणि भाजी त्याच दिवशी दिब्रुगढच्या बाजारात पोहोचणे ही अधिक जवळची गोष्ट आहे.

दहा किलोमीटरची नदी पाच किलोमीटरमध्ये आणल्यावर तिची ऊर्जा कोठे जाते, हा प्रश्न शिल्लक राहतो. एका ठिकाणी प्रवाह बांधला की त्याच्या खालच्या आणि वरच्या भागांत प्रवाहाची दिशा बदलते, एखाद्या काठावर धूप वाढते, दुसरीकडे नवा चर तयार होतो. म्हणून मार्गदर्शक बांधांबरोबरच दोन्ही तीरांवरील जुने पूरबांधही मजबूत करावे लागले. प्रवाहाचा प्रत्यक्ष परिणाम काठच्या गावांवर काय होतो, यासाठी पात्राचे दरवर्षी मोजमाप आणि उपग्रह प्रतिमांशी तुलना आवश्यक असते.

बोगीबील आणि तेजपूर यांच्या दरम्यान माजुली हे नदीतील बेट आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,२५० चौरस किलोमीटर होते. धुपेमुळे ते निम्म्याहूनही कमी उरले. २०१६ मध्ये माजुलीला जिल्ह्याचा दर्जा मिळाला. जोरहाट आणि माजुली यांना जोडणाऱ्या पुलाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०२१ मध्ये झाले. त्याच वर्षी ८ सप्टेंबर रोजी जोरहाटकडील निमाती घाटाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन प्रवाशांनी भरलेली एक बोट उलटली. या टापूतही दोन्ही काठ गाळाचे आहेत आणि खडक कोठेच नाही.